आर्णी रोडवरचा फटकळ डबा

यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या एका गॅरेजात, पान्यांच्या फळीखाली, खिळ्याला एक अ‍ॅल्युमिनियमची पेटी टांगलेली असते. दोन्ही तळहातांवर मावेल एवढी. एका अंगानं रंगीत वायरींचा जुडगा लोंबतो, दुसऱ्या अंगाला यूएसबीचं भोक. वर ना कंपनीचं नाव, ना नंबर. ग्रीसच्या बोटांचे ठसे तेवढे आहेत. मिस्त्री आणि त्यांची पोरं तिला ‘डबा’ म्हणतात. एखादी जुनी मारुती धापा टाकत आत आली आणि मालकानं उतरता उतरताच “सेन्सर गेला वाटते” असा निकाल जाहीर केला, की मिस्त्री पोराला सांगतात, “डबा काढ रे.”

डबा जन्मानं या कामाचा नव्हे. तो इंजिन चालवणारा संगणक आहे. कोणत्या क्षणी किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे ठरवणं हा त्याचा कुळधर्म. कारखान्यातून गाडीसोबत येतो तो संगणक, गॅरेजच्या भाषेत ‘ईसीएम’, तोंड मिटून असतो. त्याच्या पोटातलं गणित मालकाला दिसत नाही की मिस्त्रीला. ज्यांना ते गणित स्वतः मांडायचं होतं, त्यांनी बाहेरून बसवायचे संगणक तयार केले. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अ‍ॅल ग्रिपो या दोघांनी ‘मेगास्क्वर्ट’ काढला आणि हौशी मंडळींनी तो घरच्या टेबलावर सोल्डर केला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्टुअर्टनं ‘स्पीडुइनो’ उभा केला, तोही कॉलेजच्या प्रोजेक्टांत सर्रास दिसणाऱ्या आर्डुइनो मेगा या बोर्डावर, आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवून. आपल्याकडच्या बाइकवाल्या पोरांना बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा ‘पॉवरट्रॉनिक’ ठाऊक असतो. पण तो मूळ संगणकाला बाजूला सारत नाही, त्याच्या हुकमात थोडा फेरफार करतो. आर्णी रोडचा डबा स्पीडुइनोच्या घराण्यातला. इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्पर्धेच्या रेसिंग गाडीसाठी तो जोडला होता. स्पर्धा आटोपली, पोरं पास होऊन पुण्याला नोकरीला गेली, डबा मागे राहिला.

रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन त्याच्या हवाली करायची सोय नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं ठरवलेल्या रचनेशी न जुळणाऱ्या फेरफारांना आडवं येतं, आणि मिस्त्रींनाही गिऱ्हाइकाच्या गाडीवर प्रयोग करायची हौस नाही. म्हणून त्यांनी डब्याला हुकमाच्या गादीवरून उतरवलं आणि एकच काम दिलं. ऐकणं. गाडीचा मूळ संगणक आपलं काम करत राहतो, इंजिन तोच चालवतो. डब्याची एकेक वायर सेन्सरच्या वायरीला हळूच जोडली जाते आणि सेन्सर मूळ संगणकाला जे सांगतोय, ते डब्याच्याही कानावर पडतं.

त्यासाठी डब्यावर एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. तापमानाचा सेन्सर स्वतः वीज तयार करत नाही. तो नुसता रोध असतो, तापला की कमी होणारा. संगणक त्याला आपल्या पोटातल्या दुसऱ्या एका रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि मधल्या जागी किती व्होल्ट उरले, त्यावरून तापमान ओळखतो. डब्याच्या पोटातही असा रोध असतो, २४९० ओहमचा. तो तसाच ठेवून डबा जोडला, तर एकाच सेन्सरला दोन मालक वीज पाठवणार आणि तिसराच आकडा निघणार. मिस्त्रींनी बोर्डावरच्या त्या रोधाचा एक पाय सोल्डरिंग आयर्ननं उचलून हवेत ठेवला आहे. डब्याचं झाकण उघडलं की तो वाकडा पाय अजून दिसतो. तेव्हापासून डबा फक्त व्होल्ट वाचतो, मधे तोंड घालत नाही.

मात्र ऐकलेलं सांगताना त्याला पाचपोच नाही. जुन्या लॅपटॉपवर ‘ट्यूनरस्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर उघडलं की ऐकलेला प्रत्येक आकडा तो जसाच्या तसा पडद्यावर टाकतो. कोणाची गाडी, कितीची गाडी, आधी कोणत्या नावाजलेल्या गॅरेजात दुरुस्त झाली, याची त्याला भीड नाही. मूळ संगणकाचं तसं नाही. तो घरंदाज आहे, घरातली भांडणं चव्हाट्यावर येऊ देत नाही. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली, तर तो ‘चेक इंजिन’चा दिवा लावतो, पण त्याच वेळी आपल्या मनानं एक बरा आकडा गृहीत धरतो, फॅन सतत चालू ठेवतो आणि गाडी घरापर्यंत नेऊन सोडतो. ही त्याची माणुसकीच. रात्री उमरखेडच्या रस्त्यावर गाडी बंद पडू नये, म्हणूनच कंपन्यांनी त्याला ती शिकवली आहे. पण तीच मिस्त्रीच्या वाटेत येते, कारण झाकलेल्या दुखण्याची नाडी सापडत नाही.

त्याचा दुसरा दोष आणखी खोल आहे. मूळ संगणक सेन्सरला खोटारडा ठरवतो, तो बहुधा खोटं अचाट असलं तरच. सिग्नल शून्याला टेकला किंवा ५ व्होल्टला चिकटला, की त्याला कळतं. मधलं, शक्य कोटीतलं खोटं मात्र त्याच्या गळी सहज उतरतं. जुन्या गाड्यांत तर हे फारच. भारतात चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरशी बोलायची ठरलेली रीत, सक्तीची झाली २०१३ मध्ये. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी आजचा स्कॅनर धड बोलतही नाही. आणि यवतमाळ जिल्ह्यात अशा गाड्या काही म्युझियममध्ये गेलेल्या नाहीत. त्या आठवडी बाजाराला जातात, लग्नाला जातात, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारात उभ्या असतात.

डब्याच्या पोटात मूळचा एक सेन्सर आहे, हवेचा दाब मोजणारा. एवढ्या एका बाबतीत त्याला स्वतःचं मत आहे, आणि ते त्याच्या फार कामी येतं. इंजिनच्या मॅनिफोल्डवर असाच सेन्सर असतो, त्याला ‘मॅप’ म्हणतात. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता वाचलं, तर मॅपनं गावाचा दाब सांगायला हवा. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४४५ मीटर उंच, म्हणजे दाब ९६ किलोपास्कलच्या आसपास. हवामानानं थोडा इकडेतिकडे. अशीच एक झेन आली होती. चढावर दम टाकायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खोकायची. प्लग नवे, फिल्टर नवा, पेट्रोल पंप नवा, दिवा विझलेला. डब्यानं स्वतःचे ९६ सांगितले आणि गाडीच्या मॅपचे ८८. पोरानं दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. मिस्त्री म्हणाले, “गाडी यवतमाळात अन् सेन्सर चिखलदऱ्याले गेला पाय!”

विनोद हिशेबानं बरोबर होता. चिखलदरा १११८ मीटरवर आहे, तिथली हवा खरोखरच ८८-८९ किलोपास्कलची. सेन्सर मेला नव्हता, त्यानं मनातल्या मनात थंड हवेच्या ठिकाणी मुक्काम हलवला होता. हवा विरळ आहे अशी त्याची खबर, म्हणून मूळ संगणक पेट्रोल आखडून देत होता आणि गाडीची उपासमार चालली होती. ८८ हा आकडा अशक्य नाही, कोणत्या तरी गावी तो खराच आहे. म्हणून दिवा लागला नाही. दोन आकडे शेजारीशेजारी आले नसते, तर तो कोणाला खटकलाही नसता.

पण डब्याचा खरा कस लागला तो पांढरकवड्याकडच्या एका जिप्सीवर. तिचे मालक वयानं मोठे, शेती सांभाळून गाडी भाड्यानं देणारे. तक्रार अशी की सकाळी गाडी गुणाची, तापली की काळा धूर आणि पेट्रोलचा खप दुप्पट. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर दुसरीकडे एकदा नाही, दोनदा बदलून झाला होता. आता ते तिसरा घेऊनच आले होते, खिशात, कागदात गुंडाळून.

“काकाजी, दोनदा बदलवला ना? मंग आता त्याले कायले शिव्या देता?” मिस्त्री म्हणाले. “आधी दोघाचंही म्हणणं ऐकून घेऊ.”

पोरगा आयटीआय झालेला आहे. त्यानं आधी नव्या सेन्सरचीच परीक्षा घेतली. चहाच्या शेगडीवर पातेल्यात पाणी ठेवलं, सेन्सरचं डोकं बुडवलं, शेजारी थर्मामीटर सोडला. साध्या, २० अंशांच्या पाण्यात, रोध अडीच हजार ओहमच्या जवळ. ८० अंशांना ३०० च्या आसपास. उकळी फुटली तेव्हा थर्मामीटर ९८ च्या थोडा वर थांबला, शंभराला गेला नाही. काकाजींना वाटलं थर्मामीटर खराब. तसं नव्हे, एवढ्या उंचीवर पाणी दीड-एक अंश आधीच उकळतं. मॅपनं सांगितलेले ९६ किलोपास्कल आणि पातेल्यातला हा आकडा, दोन्ही एकाच हवेची साक्ष देत होते.

मग इंजिन तापवलं. रेडिएटरची वरची नळी हाताला धरवेना, एवढं. डब्याची वायर मूळ संगणकाच्या बाजूला जोडली, पडद्यावर ६० अंश. तीच वायर सेन्सरच्या अगदी टोकाशी जोडली, पडद्यावर ८०. एकच सेन्सर, एकच क्षण, मधे हातभर वायर, आणि अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक. पोरानं कनेक्टर ओढला. आतल्या पितळी पिनेवर हिरवी बुरशी धरली होती. पावसाळ्यात कधी तरी पाणी शिरलं असणार. तिथं सुमारे ३०० ओहमचा फुकटचा रोध तयार झाला होता. सकाळी, थंड इंजिनात, सेन्सरचे अडीच हजार अधिक हे तीनशे. फरक दोन-तीन अंशांचा, कोणाला कळणार? तापल्यावर मात्र सेन्सरचे स्वतःचे उरले ३०० आणि वरचे हे ३००. बेरीज दुप्पट, आणि ६०० ओहम म्हणजे ६० अंश. इंजिन अजून कोमट आहे अशी संगणकाची समजूत झाली आणि तो माया करून जादा पेट्रोल पाजत राहिला. इंजिन तापेपर्यंत हे खोटं दिसतच नव्हतं, म्हणून गाडी सकाळी गुणाची.

पिन घासली, कनेक्टर बदलला. तिसरा सेन्सर कागदासकट खिशात परत गेला. आधीचे दोन निर्दोष सेन्सर कुठल्या भंगारात गेले, कोण जाणे.

डब्याच्या संगतीत हे वारंवार दिसतं. ज्याच्या नावानं बोंब उठते, तो सेन्सर बऱ्याचदा निरपराध निघतो. वायर उंदरानं कुरतडलेली असते; सोयाबीन घरात आलं की उंदरांना बॉनेटखालची ऊबही गोड लागते. अर्थिंगचा बोल्ट रंगावर बसवलेला असतो, त्यामुळे सगळेच सेन्सर थोडे थोडे चढवून बोलतात. एकाच दिशेला सगळे चुकले, तर चूक त्यांच्या सामाईक जमिनीत, हे डब्याच्या पडद्यावर पाच-सहा आकडे एकत्र दिसतात म्हणून उमगतं. दिव्याच्या कोडवर एकाच सेन्सरचं नाव असतं, आणि माणूस तेवढंच वाचून स्पेअर पार्टच्या दुकानाची वाट धरतो.

मे महिना हा डब्याचा हंगाम. ४४-४५ अंशांत गाड्या रस्त्यात मरतात आणि सावलीत निवल्या की काही झालंच नाही अशा सुरू होतात. गॅरेजात येईस्तोवर दुखणं पळालेलं असतं. इंजिनच्या फिरत्या चाकाला दात असतात, त्यातला एखाद-दुसरा मुद्दाम गाळलेला. दात समोरून गेला की क्रँक सेन्सर एक ठोका देतो आणि गाळलेल्या जागेवरून संगणक चाकाचा आरंभ ओळखतो. डबा या दातांची एकेक नोंद ठेवू शकतो. मिस्त्री संशयित सेन्सरला लांबून गरम हवा देतात, इंजिन चालू ठेवतात आणि पडद्यावरच्या उभ्या रेघांकडे पाहत बसतात. रेघा एका लयीत येत असतात. मग एक रेघ गळते, पुन्हा चार येतात, मग आठ-दहा एकदम गायब, आणि इंजिन बंद. इथं सेन्सर खरोखर दोषी. त्याच्या आतली बारीक तार तापून फाकते आणि निवली की पुन्हा टेकते. त्याला बदलण्यावाचून इलाज नाही, आणि डबा त्याचीही बाजू घेत नाही.

म्हणून डबा देव आहे असं नव्हे. त्याचेही नखरे आहेत. पाच व्होल्टचे तो १०२४ भाग करतो, एकेक भाग साधारण ५ मिलिव्होल्टचा. पण ते पाच व्होल्ट खरोखर पाच असले तर. नुसत्या लॅपटॉपच्या वायरीवर जगत असेल, तर त्याच्या वाट्याला कधी कधी ४.७ च येतात, आणि मग उपाशीपोटी तो साऱ्या जगाला वाढवून मोजतो. म्हणून मिस्त्री त्याला बॅटरीवरून वेगळा सप्लाय देतात आणि कामाला लावण्याआधी मल्टिमीटरनं त्याचेच पाच व्होल्ट तपासतात. ठिणगीच्या वायरींशेजारून त्याची वायर नेली, तर तो भांबावून नसलेले दात मोजतो. अर्थिंग सेन्सरच्या काळ्या वायरीवरून न घेता बॉडीवरून घेतलं, तर निरपराधांवर आळ घेतो. आणि निकाल तर तो कधीच देत नाही. ६० आणि ८० हे दोन आकडे त्यानं दिले. बुरशी पोराच्या डोळ्यांनी शोधली.

मोजणाऱ्याला मोजायची ही रीत यवतमाळला नवी नाही. याच शहरातून मूर्तिजापूरला शकुंतला ही रेल्वेगाडी धावायची. तिला ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत रुळांवर होतं. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधलं पाणी किती, हा जिवाचा प्रश्न, आणि ते दाखवणारी फक्त काचेची नळी. नळीचं तोंड क्षारानं बुजलं, तर बॉयलर कोरडा होत आला तरी काचेत पाणी दिसत राहणार. म्हणून अशा इंजिनांवर सहसा एका काचेवर भागवत नसत. दुसरी काच किंवा तपासणीचे नळ असत, आणि काच अधूनमधून वाफेनं फुंकून पाणी पुन्हा पहिल्या पातळीला येतं का, ते पाहिलं जाई. दाखवणारा खरं दाखवतोय का, हे पाहणं ड्युटीतच बसत होतं. पेट्रोलच्या गाडीत तो भाग आपण संगणकावर सोपवला आणि संगणकानं सभ्यपणानं तो टाळला.

डब्याचे दिवस मात्र भरत आले आहेत. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. नव्या गाड्यांत कित्येक सेन्सर साधे व्होल्ट देतच नाहीत, आकडेच पाठवतात. सगळे संगणक एका जाळ्यात एकमेकांशी बोलतात, आणि मधे परकी वायर घुसली की दहा दिवे लावतात. त्यांच्या बॉनेटखाली डब्याला कोणी उभं करत नाही. तिथं कंपनीचा स्कॅनर लागतो, तो पुष्कळ शहाणा आहे, आणि तो जे दाखवतो ते मूळ संगणकाच्याच तोंडचं असतं.

आर्णी रोडला मात्र डब्यामुळे एक वही सुरू झाली आहे. लांबट, व्यापारी लोक उधारी मांडतात तसली. तिच्यात पानोपानी गाडीचं मॉडेल, इंजिन थंड असताना मॅप किती, तापल्यावर किती, आयडलिंगला किती, थ्रॉटलचा सेन्सर मिटल्यावर किती व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर किती, हे पोराच्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्यातल्या निम्म्याहून अधिक नोंदी आजारी गाड्यांच्या नाहीत. खोटं ओळखायचं, तर खरं कसं दिसतं ते आधी टिपून ठेवावं लागतं, आणि ते दुखणाऱ्या गाडीत सापडत नाही. त्यामुळे ऑइल बदलायला आलेल्या धडधाकट गाडीलाही मिस्त्री पाच मिनिटं डबा लावतात. परवा दारव्ह्याचे एक मास्तर आपल्या गाडीच्या बॉनेटखालून वायरींचा जुडगा निघालेला पाहून चहाचा कप घेऊन धावत आले.

“काय झालं हो गाडीले?”

“काईच नाई झालं मास्तर,” मिस्त्री म्हणाले, “म्हणूनच लावला.”